११७ मराठाज: एकाच शिपायाच्या म्हणून चार वस्तू, घ्याव्यात का?

नवा_भिडू

जुन्या बाजारात एका विक्रेत्याने चार वस्तू एकत्र बांधून ठेवल्यात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे चारही एकाच शिपायाच्या आहेत, शिपाई पहिल्या महायुद्धातल्या, इराकमधल्या कूटच्या वेढ्यातला आहे, आणि संच फोडून मिळणार नाही. रविवारपर्यंत थांबायला तयार आहे.

वस्तू अशा: चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल, इंडिया जनरल सर्व्हिस मेडल (१९०८ चं, हिरवी फीत, मधे रुंद निळा पट्टा, वर 'वझिरिस्तान १९२१-२४' असा क्लास्प, म्हणजे मोहिमेचं नाव असलेली फितीवरची पट्टी), आणि ब्राँझची मोठी गोल थाळी, जिला डेड मॅन्स पेनी म्हणतात.

पहिल्या दोन्हींच्या कडेवर क्रमांक, सेपॉय, नाव आणि '११७ मराठाज' आहे. इंग्रजीत मराठा शब्द जुन्या पद्धतीने, मधे जादा एच आणि दोन टी घालून लिहिलाय. तिसऱ्यावर नाव तेच, पण क्रमांक नाही, आणि पलटण '५-५ मराठा एल. आय.' (लाइट इन्फन्ट्री) अशी आहे. पेनीवर नुसतं नाव. माझी मुख्य शंका पलटणीचीच आहे, ११७ कुठे आणि ५-५ कुठे. तिसऱ्या पदकावर राजाभोवतीचा मजकूर 'इंडिए इंप' (लॅटिनमध्ये 'भारताचा सम्राट') असा संपतो. पहिल्या दोन्हींवरची अक्षरं ठोकलेली वाटतात, तिसऱ्यावरची कोरल्यासारखी.

माणसाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. व्हर्नियर आणि दहापट भिंग माझ्याकडे आहे, सोनाराचा काटा मागून आणता येईल. काय काय तपासू?

---

कडवाचक

भिंग नंतर काढा, आधी तारखा जुळवा. ही पेनी आणि हा वझिरिस्तानचा क्लास्प एका माणसाचे असूच शकत नाहीत.

पेनी मेलेल्या सैनिकाच्या घरी जायची. ४ ऑगस्ट १९१४ पासून मृत्यू झालेल्यांसाठी ती होती. शेवटची तारीख पश्चिम युरोप आणि ब्रिटनसाठी १० जानेवारी १९२०, बाकी आघाड्यांसाठी ३० एप्रिल १९२०. त्याच्या आत गेलेला माणूस १९२१ ते २४ मध्ये वझिरिस्तानात लढणार कसा? म्हणजे दोन्हींपैकी एक वस्तू दुसऱ्या कुणाची तरी आहे, किंवा कुणाचीच नाही.

तुमची पलटणीची शंका मात्र खोटी आहे, तिथे विक्रेत्याची बाजू बरोबर. १९२२ ला सगळ्या पलटणींची पुनर्रचना झाली तेव्हा १०३ ची १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ही १०/५ म्हणजे ट्रेनिंग बटालियन झाली. त्यामुळे ११७ आणि ५-५ ही एकाच पलटणीची दोन नावं. हे ज्याने जुळवलं त्याला एवढं ठाऊक होतं. अर्धवट जाणकार बनावट करतो तेव्हा ती अशी दिसते: वरवरचं सगळं बरोबर, आतली तारीख चुकलेली.

त्याची दुसरी चूक तुम्हीच टिपलीत, 'इंडिए इंप'. १९०८ च्या या पदकाच्या पुढच्या बाजू तीन. पहिली सातव्या एडवर्डची, ती फक्त 'नॉर्थ वेस्ट फ्रंटिअर १९०८' साठी. दुसरी पाचव्या जॉर्जची, मजकूर 'कैसर-इ-हिंद' वर संपतो. 'अबोर १९११-१२' पासून 'वझिरिस्तान १९२५' पर्यंतचे क्लास्प हिच्यावर. तिसरी पुन्हा पाचव्या जॉर्जचीच, पण मजकूर 'इंडिए इंप' असा. ही 'नॉर्थ वेस्ट फ्रंटिअर १९३०-३१', 'बर्मा १९३०-३२', 'मोहमंद १९३३' आणि 'नॉर्थ वेस्ट फ्रंटिअर १९३५' यांची. तुमच्या पदकाची चकती १९३० नंतरची आहे आणि क्लास्प त्याच्या कितीतरी आधीचा. क्लास्प खरा असू शकतो, चकतीही खरी असू शकते. लग्न मात्र बाजारात लागलंय.

क्लास्पचे रिव्हेट भिंगाखाली बघा. दांडीच्या कानांत बसलेला रिव्हेट गोल, दोन्हीकडे सारखा दाबलेला आणि आजूबाजूच्या चांदीइतकाच काळवंडलेला असतो. पितळी तार, झाळणाचा थेंब किंवा चकचकीत नवं डोकं दिसलं, तर तो क्लास्प नंतर बसवलाय. दांडीला धरणारा पंजाही बघून ठेवा. लंडनच्या टांकसाळीत तो नक्षीदार असे, कलकत्त्याच्या टांकसाळीत साधा. दोन्ही अस्सल, त्यामुळे साधा पंजा दिसला म्हणून नकली ठरवू नका. बाजारात हा गैरसमज बराच आहे.

आता कूट. ११७ मराठाज १६व्या ब्रिगेडबरोबर नोव्हेंबर १९१४ मध्येच इराकात उतरली, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर पुढे गेली आणि कूटमध्ये अडकली. इथवर सगळं खरं. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. याचा अर्थ असा की वेढ्यात असलेला प्रत्येक शिपाई ३१ डिसेंबर १९१५ च्या आधी आघाडीवर पोचलेला होता, आणि त्याला १९१४-१५ स्टार नावाचं पदक मिळायलाच हवं. तुमच्या संचात स्टार नाही. एक तर तो हरवलाय किंवा वेगळा विकला गेलाय, नाहीतर हा माणूस १९१६ नंतर पोचलाय. कूटमध्ये पकडल्या गेलेल्या पलटणी डेपोतून माणसं आणून त्याच क्रमांकाने पुन्हा उभ्या केल्या होत्या, त्यामुळे कडेवर ११७ आहे एवढ्यावरून कूट सिद्ध होत नाही. मराठा पलटणीचं कुठलंही पदक 'कूटवाला' म्हणून विकायची बाजारात रीतच पडली आहे. विक्रेत्याला एकच विचारा: स्टार कुठाय?

---

ठसा_बघा

कडवाचकांनी तारखा घेतल्या, मी धातू घेतो.

वॉर मेडल, व्हिक्टरी आणि जनरल सर्व्हिस, तिन्हींचा व्यास ३६ मिमी. व्हर्नियरने एकदाच मापून थांबू नका. दांडीच्या दोन्ही बाजूंनी, आडवं आणि तिरपं, निदान चार ठिकाणी मापा. कडेवरचं जुनं नाव कानशीने किंवा लेथवर काढून नवं घातलं असेल तर व्यास ३५.५ च्या खाली येतो, कधी एकाच बाजूला.

व्यास कमी भरला म्हणजे नाव काढलंय, असंही लगेच म्हणू नका. साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, तीही ३५.४-३५.५ भरते. फरक ओळखायची युक्ती अशी. वॉर मेडलच्या मागे घोडेस्वार आहे. घोड्याच्या कानाच्या टोकापासून खालच्या कवटीपर्यंतचं अंतर मापा आणि खात्रीच्या नगाशी ताडा. ओतीव नकलेत तेही त्याच प्रमाणात कमी भरतं. नाव काढलेल्या अस्सल पदकात आतलं चित्र पूर्ण मापाचं राहतं. कमी होते ती फक्त बाहेरची कड, त्यामुळे चित्राभोवतीचा काठ एका बाजूला बारीक दिसतो. शिवाय ओतीव नगावर भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी भोकं आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ सापडते.

ठोकलेलं की कोरलेलं, यासाठी कडेवर उजेड तिरपा पाडा. ठोकलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो, खोली सगळीकडे सारखी असते आणि भोवती धातू किंचित फुगलेला दिसतो. कोरलेल्या अक्षरात कोरणीची चीर असते: सुरुवातीला बारीक, मधे रुंद, शेवटी पुन्हा निमुळती, आणि तळाशी चमक वेगळी. पण कोरलं म्हणजे खोटं असंही नाही. याच १९०८ च्या पदकावर सुरुवातीच्या क्लास्पांची नावं टांकसाळीतूनच वळणदार हस्ताक्षरात कोरून आली आहेत. १९२१-२४ चं कोरलेलं असेल तर मात्र मी हात आखडता घेतो.

कडेवर हलकी फुंकर मारून बघा, आरशावर मारतो तशी. वाफ बसते तेव्हा घासून काढलेल्या जुन्या अक्षरांच्या सावल्या कधीकधी क्षणभर दिसतात. ठोकताना खालचा धातू दाबला जातो, आणि वरचा थर काढला तरी तो दाब राहतो.

चांदी तपासायला ॲसिड लावू नका, सोनाराने कितीही आग्रह केला तरी. कसोटीच्या दगडावरही घासायचं नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. फीत काढून पदक कोरडं तोला, हे पहिलं वजन. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक शिवणाच्या दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा, तळाला आणि बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर येईल ते दुसरं वजन. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ९२५ च्या चांदीला उत्तर १०.३ च्या आसपास येतं. ९ च्या जवळ आलं तर तांबं-निकेल. बुडबुडे चिकटले तर उत्तर कमी येतं, म्हणून दोरा एकदा हलवून घ्या. वॉर मेडल साधारण ३१-३२ ग्रॅमचं असतं, म्हणजे पाण्यातला आकडा तीन ग्रॅमच्या थोडा वर यावा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कुचकामी.

बाकी, वॉर मेडल ब्राँझचं निघालं तर फेकून देऊ नका. लेबर कोअरच्या, म्हणजे मजूर पलटणींच्या लोकांना ते ब्राँझमध्ये दिलेलं आहे आणि चांदीच्यापेक्षा कमी सापडतं. अर्थात '११७ मराठाज'च्या सेपॉयच्या नावाचं ब्राँझ आलं तर गडबड आहे.

---

वेताळपेठ

पेनीबद्दल थोडं. व्यास १२० मिमीच्या आसपास असतो. सिंह, हातात पुष्पचक्र घेतलेली ब्रिटानिया आणि उजवीकडे आयताकृती चौकट, तीत नाव. हुद्दा, क्रमांक, पलटण यातलं काहीच नसतं, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. त्यामुळे पाकीट किंवा सोबतचं पत्र नसेल तर पेनी कुणाची हे नावावरूनच ठरवावं लागतं, आणि आपल्याकडची त्या काळची नावं तुम्हाला माहीत आहेत. धोंडी, रामा, पांडू, बाळा. आडनाव जोडलं तरी एकाच नावाचे अनेक निघतात.

नाव चौकटीत उठावाने, मूळ ओतकामातच आलेलं असतं. नंतर कोरलेलं किंवा चिकटवलेलं नसतं. घासून बदललं असेल तर चौकटीची जमीन आजूबाजूपेक्षा खोल किंवा गुळगुळीत लागते. बोट फिरवलं तरी कळतं.

---

नवा_भिडू

सगळ्यांचे आभार. काल जाऊन मापं घेतली.

वॉर मेडल: चारही ठिकाणी ३६.० ते ३६.१. कोरडं ३१.६२ ग्रॅम, पाण्यात ३.०५, भागाकार १०.३७. व्हिक्टरी ३६.०. दोन्हींवर अक्षरं ठोकलेली, दोन्हींवर क्रमांक सारखा. पेनीची चौकट नीट आहे, जमीन सगळीकडे एकसारखी खरखरीत.

जनरल सर्व्हिस: ३५.४, ३५.२, ३५.३, ३५.५. घनता १०.३, म्हणजे चांदी खरी. खालच्या बाजूला काठ स्पष्ट बारीक आहे, आणि फुंकर मारल्यावर नावाच्या आधी दोन-तीन अक्षरांच्या सावल्या दिसल्या, वाचता आल्या नाहीत. क्लास्पचा एक रिव्हेट पितळी.

स्टारबद्दल विचारलं. म्हणाला, "तो वेगळा असतो."

---

कडवाचक

"वेगळा असतो" हे उत्तर छान आहे.

तिसरं निकालात निघालं. १९३० नंतरची चकती, कड घासलेली, नाव नव्याने कोरलेलं, क्लास्प उसना. उरलेली जोडी, म्हणजे वॉर मेडल आणि व्हिक्टरी, मात्र सरळ दिसते.

---

पट्टेवाला

थोडा विरोध नोंदवतो. नाव बदललेलं प्रत्येक पदक फसवणुकीचं नसतं. सैनिकाचं पदक हरवायचं, परेडला लावायला काहीतरी हवं असायचं, मग तो बाजारातून दुसरं घेऊन सोनाराकडून आपलं नाव घालून घ्यायचा. अशी खूप आहेत.

---

कडवाचक

मान्य. पण ज्याला १९२१-२४ चं पदक हवं होतं त्याने १९३० नंतरची चकती शोधून तिच्यावर जुना क्लास्प चढवला, आणि तोच माणूस पेनीवरही आहे? इथे ते बसत नाही. बदललेल्या नावाचं पदक मी त्याच्या धातूच्या भावाने मोजतो, माणसाच्या नावाने नाही.

---

बसरा_रोड

आता शिपाई शोधू. पेनी खरी असेल तर माणूस मेलेला आहे, आणि मेलेल्याचा माग जिवंत परतलेल्यापेक्षा सोपा.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, पण नावाने सुरुवात करू नका. नावाचा रकाना रिकामा ठेवून क्रमांक घाला, पहिलं महायुद्ध आणि भारतीय सैन्य निवडा, मग पलटणीने गाळा. याला दोन कारणं. एक, भारतीय शिपायाचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात टाकलेलं असतं, त्यामुळे 'सावंत' असं आडनाव आणि वेगळं नाव शोधलं की काहीच येत नाही. दोन, स्पेलिंग. सावंत व्हीने की डब्ल्यूने, जाधवच्या शेवटी व्ही की ओ, शिंदे की सिंदे, हे सगळं कारकुनाच्या कानावर अवलंबून. कडेवरचं स्पेलिंग आणि नोंदीतलं स्पेलिंग वेगळं निघालं तरी क्रमांक आणि पलटण जुळली तर माणूस तोच धरायला हरकत नाही.

उलट बाजू अशी की क्रमांक त्या काळी पलटणीपुरताच असे. ११७ मध्ये जो क्रमांक आहे तोच १०३ मध्ये आणि पंजाबी पलटणीतही असणार. त्यामुळे क्रमांक जुळला, पलटण नाही, अशी नोंद तुमची नाही.

नोंदीत बापाचं नाव आणि गाव बऱ्याच वेळा मिळतं. गाव वाचताना जुना नकाशा डोक्यात ठेवा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, आणि त्यातला सावंतवाडी भाग तेव्हा संस्थान होता. रायगड म्हणजे कुलाबा. आजच्या सांगलीतली बरीच गावं साताऱ्याखाली सापडतील. 'रत्नागिरी' वाचून थेट रत्नागिरी तालुक्यात जाल तर फुकट फेरी.

इराकात गेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ४० हजारांहून जास्त लोकांची आठवण आहे, पण तिथल्या दगडावर भारतीय अंमलदारांची नावं कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणवार फक्त संख्या. नावं कमिशनच्या नोंदीत आहेत. म्हणून कुणी स्मारकाच्या पाटीचा फोटो दाखवून "नाव नाहीये, म्हणजे पदक खोटं" म्हटलं तर ऐकू नका. हे स्मारक १९९७ ला मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलंय, जुने फोटो वेगळ्या जागेचे दिसतील. भारतात मेलेल्यांसाठी पुण्यात खडकीचं स्मारक बघा.

जिवंत परतलेल्या शिपायाचं अवघड आहे. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हज्‌मधल्या पदक-कार्डांत ब्रिटिश सैनिक भरपूर, आपला शिपाई क्वचित. त्यामुळे "कार्ड सापडत नाही" हा इथे पुरावा नाही. जमादार-सुभेदार असेल तर छापील इंडियन आर्मी लिस्टमध्ये नाव सापडतं. शौर्यपदक असेल, म्हणजे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा १९०७ पासूनचं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, तर गॅझेट. लाहोर म्युझियममधल्या ज्या भरतीच्या वह्या २०२१ ला संगणकावर आल्या, त्यांचा गवगवा झाला, पण त्या पंजाबच्या. मराठा पलटणीसाठी तिथे वेळ घालवू नका.

गावात गेलात तर चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी शोधा. 'या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातील इतक्यांनी प्राण दिले' असा मजकूर इंग्रजीत, कुठे मराठीतही असतो. आकडे मिळतील, नावं नाहीत. नावासाठी घरात टिकलेला कागद लागतो: डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनची चोपडी, पदकाबरोबर आलेलं छापील पत्र. घरच्यांना 'मेडल' म्हणून विचारलं तर कदाचित नाही म्हणतील, 'बिल्ला' म्हणा.

---

नवा_भिडू

क्रमांक आणि ११७ दोन्ही जुळणारी एकच नोंद आली. मृत्यू १९१८, बसरा स्मारक, बापाचं नाव आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव आहे. नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं. पेनीवरचं स्पेलिंग मेडलसारखं आहे. त्याच स्पेलिंगचे मृत शोधले तर दुसऱ्या पलटणीत आणखी दोघे निघाले.

---

बसरा_रोड

मग जोडी त्याचीच, पेनी बहुधा त्याची. 'बहुधा' हा शब्द वहीत लिहून ठेवा. तीनजणांत एक पेनी आहे, आणि ती जोडीबरोबर आली एवढाच पुरावा. घराण्याकडून एकत्र आली असती तर वजन वेगळं असतं. इथे विक्रेत्याने एक बनावट पदक त्याच पुडक्यात घातलेलं आहे, तेव्हा पेनीही त्याने नाव बघून आणली नसेल कशावरून?

१९१८ वरून कूट ठरत नाही. कूटचे बरेच शिपाई तुर्कांच्या कैदेत, रेल्वेच्या कामावर, सीरियातल्या रस अल-ऐनच्या बाजूला गेले, आणि त्यातलेही बसऱ्याच्या नोंदीत आहेत. नंतरच्या भरतीतला असून आघाडीवर किंवा तापाने गेला असेल, तेही शक्य. स्टार सापडला तर निकाल लागेल. स्टारच्या मागच्या सपाट बाजूला क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. क्रमांक लिहून चार विक्रेत्यांकडे देऊन ठेवा. स्टार चांदीचा नाही, त्यामुळे वितळवला जाण्याची भीती त्याला कमी. वॉर मेडलं १९७९-८० ला चांदी भडकली तेव्हा ढिगाने मुशीत गेली, म्हणून बाजारात एकटे स्टार आणि एकटी व्हिक्टरी जास्त दिसतात.

---

दमट_कोकण

घेतलीत तर धुवायला बसू नका. पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, चांदीचं द्रावण, सगळं बंद. कडेवरची अक्षरं मुळात उथळ, दसऱ्याला दरवर्षी घासून तीन पिढ्यांत सपाट झालेली पदकं घरोघर आहेत. काळा थर राहू द्या, तो चांदीला खात नाही. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड पाणी, मऊ सुती कापड, टिपून कोरडं, बस. त्यासाठी आधी फीत काढा. मूळ फीत ओली करायची नाही. रंग उतरतो आणि रेशीम फाटतं.

ठेवायला नाण्यांच्या अल्बमची मऊ प्लॅस्टिकची पानं वापरू नका. ती पीव्हीसीची असतात, दोन पावसाळ्यांत ब्राँझवर हिरवा चिकट थर येतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या. रबरबँड आणि लोकरीचं फेल्ट चांदीजवळ नको, दोन्हींतलं गंधक तिला काळं करतं. सागवानी पेटीत थेट ठेवू नका, आधी आम्लरहित कागदात गुंडाळा. सिलिका जेलची पुडी रंग बदलली की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत ठेवा. पेनी वेगळ्या डब्यात, ती जड असते आणि चांदीवर घसरली की ओरखडा पडतो.

---

वेताळपेठ

कायद्याचं एक. अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तूत जाऊ शकते. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या रेषेपलीकडे गेलीत. विकत घेऊन घरात ठेवणं वेगळं, पण पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भावाला, लंडनच्या लिलावाला पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे जा. कुरिअरवाला 'जुनं नाणं' लिहून पाठवतो म्हणाला तरी नको.

संगीन किंवा तलवार कुणी 'सोबत फुकट' देत असेल तर घेऊ नका. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा प्रश्न आर्म्स ॲक्टमध्ये जातो.

---

नवा_भिडू

तर मी असं ठरवलंय: जोडी आणि पेनी यांचा वेगळा भाव मागायचा, जनरल सर्व्हिस त्याला परत. संच फोडत नाही म्हणाला तर?

---

कडवाचक

संच नाहीच, तर फोडायचा काय? त्याला शांतपणे 'इंडिए इंप' दाखवा आणि १९२१ च्या आधी मेलेला माणूस दाखवा, भाव आपोआप उतरेल. बिलावर तिन्ही वस्तूंचा मजकूर अक्षरशः लिहून घ्या, स्पेलिंगसकट, चूक असेल तर चुकीसकट. जोडीचे आणि पेनीचे फोटो वेगवेगळे काढा. वहीत दोन ओळी लिहा: जोडी, क्रमांक जुळला, पेनी, बहुधा. आणि गावाला गेलात तर पदकं खिशात घेऊन जाऊ नका, आधी नोंदीचा छापील कागद घेऊन जा.